सात मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या लेबर रूममधलं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. नवीन मुलगी ड्युटीला आली की ओव्हर, म्हणजे ड्युटीचा ताबा, देतानाच तिला सांगायचं: सक्शन मशिनचा प्लग जरा हलवून बसवायचा, दोन नंबरच्या टेबलाचा पाय डुगडुगतो, आणि घड्याळातून सात वजा करायचे. कुणी वजा करायचं, कुणी विसरायचं. पहाटे चारला हात रक्तात असताना वजाबाकी कोण करतंय? बाहेरून बाळाची आजी ओरडायची, "सिस्टर, टाइम बरोबर लिवा बरं का, पत्रिका करायचीय!" आणि आम्ही अंदाजाने लिहून मोकळ्या व्हायचो. आमच्या तालुक्यात कुणाचं लग्न पत्रिकेपायी अडलं असेल तर त्या पापात थोडा वाटा आमचाही आहे.

गोष्ट २०१९ची. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ५० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय. महिन्याला दीडशेच्या आसपास बाळंतपणं. मी तिथल्या लेबर रूमची इन्चार्ज. सरकारी कागदावर परिसेविका, पेशंटच्या तोंडी 'मोठ्या सिस्टर', आणि आमच्या मुली माझ्या माघारी काय म्हणायच्या ते मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. जूनमध्ये वरून पत्र आलं की आपलं रुग्णालय 'लक्ष्य'मध्ये घेतलं आहे.

'लक्ष्य' हा केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचा डिसेंबर २०१७मध्ये सुरू झालेला कार्यक्रम. बाईने बाळंतपणाला दवाखान्यात यावं म्हणून २००५पासून जननी सुरक्षा योजनेचे पैसे मिळू लागले. २०११पासून औषध, रक्त, जेवण, गाडी सगळं मोफत झालं. बाया यायला लागल्या. पण आल्यावर लेबर रूमच्या दारामागे त्यांचं काय होतं, ते तपासायला हा कार्यक्रम आला. प्रसूती कक्ष आणि सिझेरियनचं थिएटर, दोन्हींना वेगळे गुण. ७० टक्क्यांच्या वर गेलात तर प्रमाणपत्र, ८०च्या वर सोनेरी, ९०च्या वर प्लॅटिनम. आमच्या दवाखान्यात पत्र वाचून पहिला प्रश्न आला तो रंगाचा. भिंतींना कुठला रंग द्यायचा? गुणवत्ता म्हटलं की आपल्याकडे आधी रंगारी बोलावतात.

पहिली मीटिंग अधीक्षकांच्या केबिनमध्ये झाली. स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, फार्मासिस्ट, ऑफिसचे मोठे क्लार्क असे सगळे बसले होते. खुर्च्या संपल्या होत्या. मी दाराशी प्रसूतीचं रजिस्टर छातीशी धरून उभी. मेट्रन मॅडम रजेवर होत्या, नाहीतर त्यांनाही कुठे बसवलं असतं कुणास ठाऊक. यात कुणाच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. २६ वर्षांच्या नोकरीत मी अशा मीटिंगांना उभीच राहिले होते, आणि बसायला सांगितलं असतं तर मलाच अवघडल्यासारखं झालं असतं. तासाभराने ठरलं ते असं: चेकलिस्ट कोण भरणार? सिस्टर भरतील. स्टाफला ट्रेनिंग कोण देणार? सिस्टर देतील. ट्रे कोण लावणार, रजिस्टरं कोण बदलणार, सफाईवाल्या मावशींना कोण शिकवणार? सिस्टर. सही कोण करणार? तिथे मात्र साहेबांचं नाव आलं.

ती चेकलिस्ट मी घरी नेली. जाडजूड बाड. रात्री भाकरी टाकून झाल्यावर बसायचे आणि खुणा करायचे. प्रोटोकॉल भिंतीवर लावलेत का? लावलेत. पार्टोग्राफ भरला जातो का? जातो. हात धुण्याच्या पायऱ्या माहीत आहेत का? आहेत. माझ्या हिशोबाने आम्हाला ७१ टक्के पडले. मी खूश. एवढ्यात झालं की!

आठवड्याने जिल्ह्याहून गुणवत्ता समन्वयक आली. वयाने माझ्या थोरल्या मुलीएवढी. तिने माझे कागद बाजूला ठेवले आणि म्हणाली, "ताई, आपण परत करू या. यात चार तऱ्हा असतात. डोळ्यांनी बघायचं, स्टाफला विचारायचं, रेकॉर्ड उघडायचं, आणि पेशंटला विचारायचं. तुम्ही पाचव्या तऱ्हेने केलंय, आठवून." संध्याकाळपर्यंत ७१चे ४३ झाले.

तिने सगळ्यात आधी काय बघितलं असेल तर घड्याळ. ते सात मिनिटं पुढे आहे हे तिला कळलंच नाही. ती म्हणाली, "याला सेकंदकाटा नाही." मी म्हटलं, सेकंदाचं काय काम इथे? तर म्हणाली, "बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत ॲम्बूच्या फुग्याने श्वास द्यायला सुरुवात झाली पाहिजे. ते मिनिट तुम्ही कशावर मोजता?"

अंदाजावर. आम्ही सगळंच अंदाजावर मोजायचो, आणि खरं सांगायचं तर आमचे अंदाज चांगले होते. हात लावला की किती सेंटिमीटर उघडलंय ते कळायचं, पोटावर हात ठेवला की कळ किती जोराची ते कळायचं. पण अंदाज बाईबरोबर घरी जातो. नाइटच्या मुलीला तो ओव्हरमध्ये देता येत नाही.

मग घड्याळ. इथे थोडं थांबते, कारण पुढचं सगळं या घड्याळावर उभं आहे.

दवाखान्यातली कुठलीही इन्चार्ज सिस्टर काय करेल? बाजारात जाईल, अडीचशे रुपयांचं घड्याळ स्वतःच्या पैशाने आणेल आणि लावेल. आम्ही हेच करत आलोय. टॉर्चचे सेल, साबण, पेनं, पडद्याच्या रिंगा, बाळाला गुंडाळायला घरच्या जुन्या सुती साड्या. सगळं आमच्या पर्समधून. त्यात एक प्रकारचा अभिमानही असतो, की माझ्या वॉर्डात काही कमी नाही. माझाही होता. पण त्या ४३ टक्क्यांनी मला राग आला होता, आणि तो राग कुणावर काढावा कळत नव्हतं. मी ठरवलं, या वेळी खिशात हात घालायचा नाही. मी इंडेंट केलं, म्हणजे सरकारी मागणीपत्र भरलं.

इंडेंट भांडारात गेलं. तिथून परत आलं, कारण घड्याळ औषधात बसत नाही. ऑफिसात गेलं. तिथे म्हणाले, फर्निचरमध्येही बसत नाही. मग कुणीतरी सुचवलं, रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून घ्या. त्याला तीन दरपत्रकं लागतात. एका घड्याळाला तीन दरपत्रकं! आमच्या वॉर्डातले मामा सायकलवर तीन दुकानं फिरून ती घेऊन आले. क्लार्कभाऊ वैतागून म्हणाले, "सिस्टर, मीच देतो ना अडीचशे रुपये, विषय संपवा." मी म्हटलं, नाही, मंजूर करा. एकोणीस दिवसांनी घड्याळ आलं. पण त्या एकोणीस दिवसांत 'लेबर रूमला घड्याळ लागतं' ही गोष्ट साहेबांपासून भांडारापर्यंत सगळ्यांच्या कानावरून गेली, आणि समितीच्या इतिवृत्तात माझ्या पदनामाने एक ओळ आली. माझ्या नोकरीतली ती पहिली. पुढे फ्रिज मागितला तेव्हा त्या ओळीचा उपयोग झाला, तो सांगतेच.

कामाची पद्धत अशी होती की दोन-दोन महिन्यांची सहा चक्रं करायची. एका चक्रात एकच गोष्ट सुधारायची. आम्ही पहिलं चक्र पार्टोग्राफचं घेतलं, आणि इथे कबुली द्यायला हवी.

पार्टोग्राफ म्हणजे बाळंतपणाचा आलेख. बाई ४ सेंटिमीटरला आली की तो सुरू करायचा. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, कळा, आईची नाडी, आणि अधूनमधून गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते. मधोमध एक तिरकी रेघ असते. तासाला एक सेंटिमीटर या चालीने बाई पुढे गेली तर तिचा आलेख रेघेच्या डावीकडे राहतो. उजवीकडे सरकला म्हणजे काहीतरी अडतंय, डॉक्टरांना बोलवा, मोठ्या दवाखान्यात पाठवायची तयारी करा. साधं, सुंदर हत्यार आहे. आम्ही ते बाळंतपण झाल्यावर भरायचो. बाळ रडलं, टाके झाले, चहा झाला की मग टेबलावर बसून ठिपके द्यायचो, रेघेला अगदी लागून, शाळेतल्या चित्रासारखे. समन्वयक मुलीने ३० जुने पार्टोग्राफ काढून शेजारी-शेजारी ठेवले. एकही बाई रेघेच्या उजवीकडे गेलेली नव्हती. त्यातल्या चार जणींचं जिल्ह्याला सिझर झालं होतं, 'अडली' म्हणून.

मी मुलींना रागावले नाही. रागावणार कशी, त्यांना तसं भरायला मीच शिकवलं होतं आणि मला माझ्या वेळच्या सिस्टरांनी. नाइटला एकटी मुलगी, तीन टेबलं, दोन बाळंतिणींना बीपी, तेव्हा कागद मागे राहतो हे खोटं नाही. आम्ही एवढंच ठरवलं की कागद ट्रॉलीवर, पेशंटच्या उशाशी राहील, आणि नसेल भरता आला तर कोरा ठेवायचा. नंतर भरायचा नाही. पहिल्या महिन्यात निम्मे कोरे निघाले. अधीक्षक म्हणाले, "हे काय, आधी तरी भरलेले असायचे!" मी मीटिंगमध्ये (तोवर मला खुर्ची मिळायला लागली होती, दाराजवळची) म्हटलं, सर, हे कोरे नाइटचे आहेत, एवढ्याएवढ्या रात्री एवढ्याएवढ्या बाळंतपणांना एकच सिस्टर होती, तारखा लिहून आणल्यात. कोऱ्या कागदांनी जे झालं ते माझ्या अर्जांनी पाच वर्षांत झालं नव्हतं. नाइटला दुसरी सिस्टर मिळाली.

दुसरी कबुली याहून अवघड. 'लक्ष्य'मध्ये एक भाग आहे बाईला मानाने वागवण्याचा. ओरडायचं नाही, मारायचं नाही, पडदा लावायचा, काय करतोय ते सांगून करायचं, आणि तिच्या ओळखीची एक बाई जवळ राहू द्यायची. ट्रेनिंगमध्ये मी तो वाचून दाखवत होते. मावशी कोपऱ्यातून म्हणाली, "मोठ्या सिस्टर, तुमीच तर मांडीवर चापट मारता की." सगळ्या गप्प. मग हसल्या. मी हसले नाही.

मारायचे. बोलायचेही. लेबर रूममध्ये काय काय बोललं जातं ते ज्या बाया तिथून गेल्यात त्यांना ठाऊक आहे. 'तेव्हा गोड लागलं ना, आता कशाला रडतेस' हे वाक्य मी अठराव्या वर्षी विद्यार्थिनी म्हणून पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा लाजेने मान खाली घातली होती. पुढे कधी ते माझ्या तोंडात बसलं कळलं नाही. आपण रागावलो नाही तर बाई जोर लावणार नाही, बाळ अडकेल, अशी खरीच भीती असायची. आणि त्याखाली थकवा. आणि त्याखाली, आता कळतं, दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या माणसाला एक जागा मिळालेली असते जिथे त्याचं कुणीतरी ऐकतं.

माझी आजी गावात सुईण होती. तिच्या हाताखाली बाई ओरडली तर ती म्हणायची, "वरड माय, वरड, कोन न्हाई हितं." ती नाळ लगेच कापायची नाही. वार पडेपर्यंत बाळ तसंच आईजवळ. नर्सिंगला गेल्यावर मला शिकवलं की हे अडाणीपण. बाळ आलं की चिमटे लावा, कापा, वॉर्मरवर न्या. आणि आता 'लक्ष्य'च्या कागदावर लिहिलेलं होतं: एक ते तीन मिनिटं थांबून नाळ कापा, बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवा, पहिल्या तासात पाजा. आजीचं सगळंच बरोबर होतं असं नाही. ती ज्याने नाळ कापायची ते विळ्याचं पातं मला आठवतं, आणि आठवड्याच्या आत आकडी येऊन गेलेली दोन बाळंही आठवतात. लोक सटवाईला बोल लावायचे. तो धनुर्वात होता. पण बाईशी कसं बोलायचं ते तिला येत होतं. माझ्या नोंदणीपत्रावर दोन शब्द आहेत, परिचारिका आणि प्रसाविका. पहिला पगारापुरता रोज वापरात होता. दुसऱ्याचा अर्थ मी एवढ्या वर्षांत कुणाला विचारला नव्हता. २०१८च्या शेवटी सरकारने खास प्रसाविका तयार करायला दीड वर्षाच्या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा आमच्यातली एक धाकटी मुलगी म्हणाली, मला जायचंय. मी तिला म्हटलं, जा, माझं वय असतं तर तुझ्याआधी अर्ज केला असता.

सोबतिणीचं प्रकरण मात्र पडद्याशिवाय जमत नव्हतं. एका खोलीत तीन टेबलं. एकीची आई आत आली तर दुसरीची लाज जाते. पडद्यांचं इंडेंट, पुन्हा तीन दरपत्रकं. मामा आता सांगायच्या आधीच सायकल काढायचे. स्त्रीरोगतज्ज्ञ साहेबांना भीती होती की बाहेरची बाई आत आली तर उद्या काही झालं की तीच पेपरला सांगेल. मी म्हटलं, सर, बाहेर बसून ती जे कल्पनेने सांगते त्यापेक्षा आत बघून सांगेल ते बरं. ते पटलं त्यांना. हा माणूस तीन तालुक्यांना मिळून एकटा होता. त्याला नाही म्हणायलाही वेळ नसायचा.

आता फ्रिज. बाळ बाहेर आल्याबरोबर आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, १० युनिट, स्नायूत. त्याने गर्भाशय आवळतं, रक्तस्राव रोखला जातो. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. आमच्याकडे फ्रिज होता फार्मसीत, आणि फार्मसी संध्याकाळी बंद. म्हणून दिवसा पेटी काढून ट्रेमध्ये ठेवायची. मे महिन्यात मराठवाड्यातल्या खोलीत ट्रेमधल्या ऑक्सिटोसिनचं काय होत असेल? आम्ही ते टोचत होतो, रजिस्टरात लिहीत होतो, आणि एखादीचं रक्त थांबेना की म्हणत होतो, तिची प्रकृतीच तशी. मी फ्रिज मागितला. "लेबर रूमला वेगळा फ्रिज? पाण्याच्या बाटल्या ठेवाल तुम्ही." मी घड्याळाची ओळ दाखवली. मागच्या वेळी प्रसूती कक्षाची गरज म्हणून समितीने मंजुरी दिली आहे, त्याच धर्तीवर. क्लार्कभाऊंनी कपाळाला हात लावला आणि फाइल केली. छोटा फ्रिज आला, त्याला थर्मामीटर, त्यावर दिवसातून दोनदा तापमानाची नोंद. पाण्याची बाटली ठेवणाऱ्याला दहा रुपये दंड. सगळ्यात जास्त दंड मीच भरला.

जानेवारीत मेट्रन मॅडमची नवीन ड्युटी लिस्ट लागली. माझी नाइटची सगळ्यात पक्की मुलगी मेल वॉर्डला. दर सहा महिन्यांनी सगळ्यांना सगळीकडे फिरवायचं, ही आमच्याकडची रीत. न्याय वाटावा म्हणून असते, लेबरचं काम जड, कुणा एकीवरच नको. पण म्हणजे जिला वर्षभर शिकवलं ती हर्नियाच्या पेशंटला ड्रेसिंग करणार, आणि लेबरला येणार ती जिने तीन वर्षांत बाळंतपण बघितलेलं नाही. 'लक्ष्य'च्या मार्गदर्शक पुस्तिकेतच लिहिलंय की लेबर रूमच्या प्रशिक्षित सिस्टरांना इकडेतिकडे फिरवू नये. ते पान घेऊन मी मेट्रन मॅडमकडे गेले. डॉक्टरांशी भांडणं सोपं हो, आपल्याच माणसाशी अवघड. मॅडम म्हणाल्या, "तू मला नियम शिकवणार?" तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी लिस्ट बदलली. बदलताना एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मीही आभार मानले नाहीत. तेवढं दोघींनाही कळत होतं.

फेब्रुवारीत ऊसतोडीवरची एक बाई आली. कर्नाटकातल्या कारखान्याकडून गावी परतत होती, ट्रकमध्येच कळा सुरू झाल्या. कार्ड नाही, तपासण्या नाहीत, डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक. हिमोग्लोबिन सहाच्या घरात. सोबत टोळीतली एक म्हातारी आणि दोन लेकरं. रात्री दीडला आली. तिसरं बाळंतपण. जिल्ह्याला पाठवायला १०८ला फोन केला, गाडी यायच्या आत बाळ आलं. वार पडली आणि मग रक्त थांबेना.

मी घरी होते. ड्युटीवर ती मुलगी, जी मेल वॉर्डला जाणार होती, आणि नाइटला नवीन मिळालेली दुसरी सिस्टर. पुढचं मला कागदावरून माहीत आहे, कारण त्यांनी ते मिनिटामिनिटाला लिहिलं होतं. २.१० बाळ जन्मलं, रडलं. २.११ ऑक्सिटोसिन. २.१७ वार पूर्ण. २.२० स्राव जास्त, मदतीची हाक, गर्भाशय चोळायला सुरुवात. २.२२ दोन्ही हातांना सलाईन, एकात २० युनिट ऑक्सिटोसिन, रक्तस्रावासाठी तयार ठेवलेली लाल पेटी उघडली. २.२४ डॉक्टरांना फोन. २.२५ लघवीची नळी. २.३१ ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. २.४० डॉक्टर हजर, स्राव कमी, गर्भाशय घट्ट. म्हातारी सगळा वेळ तिच्या उशाशी होती, डोक्यावरून हात फिरवत. पहाटे तीन वाजून गेल्यावर १०८ने ती रक्त चढवायला जिल्ह्याला गेली, आणि पाचव्या दिवशी बाळ घेऊन परत आमच्याकडे आली, फक्त दाखवायला.

या मुलींनी दर महिन्याला लाल पेटीची रंगीत तालीम केली होती. उशीला पेशंट करून, मावशीला नातेवाईक करून. मावशी रडायचं काम इतकं हुबेहूब करायची की बाहेरचे लोक धावत यायचे. त्या रात्री दोघींपैकी एकीलाही डॉक्टर येईपर्यंत थांबावं लागलं नाही, आणि साहेबांनी दुसऱ्या दिवशी राउंडला त्या कागदाखाली सही करताना दोघींची नावं विचारून घेतली. दोन वर्षं त्या त्यांच्या हाताखाली काम करत होत्या.

पुढे कधीतरी आकडे वाचले. २०१८ ते २०च्या पाहणीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू, देशात ९७. वाचून बरं वाटलं. मग हिशोब केला. आमच्याकडे वर्षाला अठराशे बाळंतपणं, म्हणजे राज्याच्या सरासरीनेही दोन वर्षांत एखादी. दोन वर्षांतली ती एखादी रात्री दीडला ट्रकमधून उतरली असती.

तपासणी एप्रिल २०२०मध्ये ठरली होती. ती झाली नाही हे सांगायला नको. २०२० हे जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि प्रसाविकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला २०० वर्षं होत होती म्हणून. मार्चमध्ये लोकांनी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यात आमच्यातल्या दोघींना घरमालकांनी खोली खाली करायला सांगितलं. निम्मा स्टाफ कोविड वॉर्डला गेला. बाळंतपणं काही थांबली नाहीत. त्या दोन वर्षांबद्दल वेगळं लिहावं लागेल, इथे नको.

तपासनीस आले ते २०२१च्या डिसेंबरात. दोघे, परराज्यातले. त्यांनी मला फार विचारलं नाही. ते थेट मावशीकडे गेले. फरशीवर रक्त सांडलं तर काय करता, असं हिंदीत विचारलं. मावशीने मराठीत सुरुवात केली आणि मग थांबून म्हणाली, "दावतेच." हातमोजे घातले, कागद टाकला, त्यावर हायपोक्लोराइट ओतलं, आणि ओतून हाताची घडी घालून उभी राहिली. तपासनीस म्हणाले, आगे? मावशी भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "धा मिन्टं थांबायचं असतंय. ते बघा घड्याळ." ते खरोखर थांबले. मला तोपर्यंत घाम फुटला होता.

लेबर रूमला ८६ मिळाले, थिएटरला ७४. आमच्या स्तराच्या रुग्णालयाला दोन्हींचे प्रत्येकी दोन लाख रुपये. जिल्ह्याला प्रमाणपत्र घ्यायला अधीक्षक गेले, फोटो पेपरात आला. मी त्या दिवशी ड्युटीवर होते. जायला मिळालं असतं तर आवडलं असतं, हे लपवत नाही. पण साहेबांचं एक सांगायला हवं. पुढची मीटिंग त्यांनी त्यांच्या केबिनमध्ये घेतली नाही, आमच्या ड्युटी रूममध्ये घेतली. आमच्याकडे खुर्च्या दोनच. एकीवर मेट्रन मॅडम, एकीवर मी, कारण रजिस्टर माझ्या मांडीवर होतं. साहेब फ्रिजला टेकून उभे राहिले पाऊण तास. फ्रिज हलला तर तापमान बिघडतं हे मला सांगायचं होतं, नाही सांगितलं.

परवा एक आजीबाई आल्या. नातीचं बारसं झालं होतं, गुरुजी पत्रिका मांडायला बसले होते आणि जन्मवेळ लिहिलेला कागद उंदरांनी खाल्ला होता. मी रजिस्टर काढलं, तारीख शोधली, आणि वाचून दाखवलं: पहाटे चार वाजून सोळा मिनिटं, वीस सेकंद.

"सेकंद नका सांगू बाई," आजी म्हणाल्या, "गुरुजी घाबरतील."